वारा मागून येतो: उघड्या टपाची गाडी आणि तिचा डिफ्लेक्टर

(पुण्यात गाडीप्रेमींच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, आजच्या पत्रिकेवर 'कन्व्हर्टिबल गाडीसाठी विंड डिफ्लेक्टर कसा निवडावा' असा विषय छापला आहे (कन्व्हर्टिबल म्हणजे टप उघडता येणारी गाडी आणि डिफ्लेक्टर म्हणजे तिच्यातला वारा अडवणारी जाळी किंवा शीट) आणि निवडीचे मुद्दे मी सांगणार आहेच. परंतु त्याआधी मला एक गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. गेली कित्येक वर्षे मी ती भेटेल त्याला सांगत आलो आहे, आणि ती पटल्याशिवाय केलेली खरेदी निव्वळ अंदाजपंचे असते, असे माझे ठाम मत आहे. टप उघडून गाडी चालवताना आपल्याला जो वारा छळतो तो समोरून येत नसतो. तो मागून येतो.

काहींच्या चेहऱ्यावर शंका दिसते आहे आणि ती स्वाभाविक आहे, कारण आपण पुणेकर वारा ओळखायला शिकलो ते दुचाकीवर. दुचाकीवर वारा छातीवर आणि डोळ्यांत येतो, म्हणून तर नाकावरून स्कार्फ घेऊन मागे गाठ मारायची पद्धत इथे पडली आणि ती या शहराची ओळख होऊन बसली. तोच अनुभव गाठीशी घेऊन माणूस कन्व्हर्टिबलमध्ये बसतो, आणि समोर चांगली भक्कम काच असूनही केस तोंडावर का येतात, याचा उलगडा त्याला होत नाही. वारा समोरून असता तर केस मागे गेले असते. ते डोळ्यांवर येतात याचा अर्थ उघड आहे. इथे बसलेल्या ज्या भगिनींनी लांब केस मोकळे सोडून एकदा तरी उघड्या गाडीतून प्रवास केला आहे, त्यांना हे माझ्या आधीपासून ठाऊक असणार. त्यांच्या माना डोलताना मला दिसत आहेत, तेव्हा शेजारच्या टक्कल पडलेल्या मंडळींनी या बाबतीत त्यांचा शब्द प्रमाण मानावा.

याचे कारण समजून घेऊ. गाडी वेग घेते तेव्हा हवा बॉनेटवरून चढत पुढच्या काचेवर येते आणि काचेच्या वरच्या कडेला तिचा आधार सुटतो. टप असता तर ती त्याला धरून मागे गेली असती. तो नसल्याने ती कडेपासून सुटून आपल्या डोक्यावरून निघून जाते आणि काचेच्या मागे, म्हणजे नेमके आपण बसतो तिथे, हवेचा दाब कमी होतो. ती उणीव भरून काढण्यासाठी डोक्यावरून गेलेल्या प्रवाहातलीच काही हवा गाडीच्या मागच्या भागात खाली उतरते, उलटी वळते आणि दोन आसनांच्या मधल्या फटीतून, हेडरेस्टच्या दोन्ही अंगांनी, आपल्या मानेवर आणि कानांवर येऊन आदळते. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर लकडी पुलावर उभे राहून मुठेचे पाणी पाहिलेल्या प्रत्येकाने हे दृश्य पाहिलेले आहे: पुलाच्या खांबामागे पाणी गोल फिरून खांबाकडेच परत येते आणि तिथे सापडलेली काटकी प्रवाहाच्या उलट दिशेने सरकताना दिसते. उघड्या गाडीत आपण बसलेलो असतो ते त्या खांबामागच्या पाण्यात.

म्हणून डिफ्लेक्टरची जागा आपल्या पाठीमागे आहे. 1989 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने नवी एसएल गाडी सादर केली, जिला जाणकार आर129 म्हणून ओळखतात. तिच्याबरोबर त्यांनी मागच्या रोलबारला, म्हणजे गाडी उलटली तर डोके वाचवणाऱ्या दांड्याला, लावायची, चौकटीवर ताणलेली जाळी आणली आणि पुढे ही कल्पना बहुतेक सगळ्या कन्व्हर्टिबल बनवणाऱ्यांनी उचलली. त्याच कंपनीने 2004 मध्ये एसएलके गाडीच्या हेडरेस्टमधून मानेभोवती गरम हवा सोडण्याची सोय केली. थंडीत उब द्यायची तर ती मानेला द्यावी लागते, हे त्या अभियंत्यांना ज्या कारणाने सुचले असेल तेच मी मघापासून सांगतो आहे. 2010 मध्ये ई-क्लास कॅब्रिओलेला (कॅब्रिओले म्हणजे कन्व्हर्टिबलच) त्यांनी पुढच्या काचेच्या माथ्यावर वर उचलली जाणारी पट्टी दिली, जी हवेला आणखी उंचावरून मागे पाठवते. पट्टी पुढे बसवल्यामुळे माझे म्हणणे खोटे ठरते, असे एका तरुण मित्राने मला ऐकवले होते. मात्र त्याच व्यवस्थेत मागच्या आसनांच्या दोन हेडरेस्टच्या मध्ये उभी राहणारी जाळीसुद्धा आहे. पुढची पट्टी एकटीने पुरेशी ठरली असती तर ती जाळी द्यायचे कारणच नव्हते. 2024 मध्ये भारतात आलेल्या सीएलई कॅब्रिओलेमध्येही ही जोडी कायम आहे.

आता माझी तक्रार सांगतो. दुकानाचे नाव घेणार नाही, कारण ही तक्रार एका दुकानापुरती नाही.

माझ्या मेहुण्यांनी एक जुनी, परदेशी बनावटीची दोन आसनी उघडी गाडी घेतली. मेहुणे सहा फूट उंच आहेत आणि माझी बहीण पाच फूट दोन इंच आहे. या दोन उंची कृपया लक्षात ठेवा, पुढचे सगळे त्यांच्यावरच आहे. ते डिफ्लेक्टर घ्यायला गेले तेव्हा दुकानात त्यांना गाडीचा मेक विचारला, मॉडेल विचारले, वर्ष विचारले, शीट पारदर्शक हवी की धुरकट, तिच्यावर गाडीचे चिन्ह कोरून हवे का आणि त्याखाली एलईडीची पट्टी हवी का, हेही विचारले. चालवणाऱ्याची उंची मात्र कोणीही विचारली नाही. सगळ्या गाड्यांना चालतो असे सांगून जाड अॅक्रिलिकचा एक सुंदर पारदर्शक तुकडा दोन रोलबारांच्या मध्ये बसवून दिला गेला. तो दिसायला खरोखरच देखणा होता.

पहिल्याच रविवारी दोघे एक्स्प्रेसवेने लोणावळ्याला निघाले. तळेगावच्या पुढे वेग शंभराच्या जवळ गेला आणि मेहुण्यांच्या कानांत वारा भणभणू लागला, तर शेजारी बहीण निवांत बसली होती. घरी आल्यावर मी मेहुण्यांना गाडीत बसवून पाहिले, तेव्हा शीटची वरची कड त्यांच्या बरोबर कानाच्या पातळीवर येत होती. म्हणजे डिफ्लेक्टरवरून उतरणारा उलटा वारा, जो एरवी मानेभर पसरला असता, तो आता एकवटून थेट कानावर सोडला जात होता. बहिणीचे डोके त्या कडेच्या खाली असल्याने ती पूर्ण आडोशाला होती. शिवाय शीटच्या खाली चार बोटांची फट राहिली होती आणि तिथून येणारी हवा मेहुण्यांच्या कमरेशी गार लागत होती. संध्याकाळी चांदणी चौकातून मुळशीकडे, म्हणजे पश्चिमेला, जाताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली: समोरचा मावळतीचा सूर्य पाठीमागच्या त्या चकचकीत शीटवर पडून परत फिरतो आणि मधल्या आरशात त्याची तिरीप थेट डोळ्यांत येते.

दुकानात परत गेल्यावर उत्तर मिळाले की शीट अगदी घट्ट बसली आहे, हलतसुद्धा नाही आणि मॅडमना तर काहीच त्रास नाही. फिटिंग झालेला माल परत घेत नसल्याचेही त्यांनी सांगितले. मला राग आला तो पैशांपेक्षा त्या उत्तराचा. मॅडमना त्रास नाही, हाच तर शीट बुटकी असल्याचा पुरावा होता! चष्मा डोळे तपासून देतात, बूट पाऊल मोजून देतात; मग माणसाच्या मानेसाठी असलेली वस्तू त्याला गाडीत बसवून, आसनापासून माथ्यापर्यंत टेप लावून का देऊ नये? टेपला असा कितीसा वेळ लागतो?

यावर आम्ही केलेला उपाय सगळ्यांना जमण्यासारखा आहे. हवेचा प्रवाह पाहण्यासाठी वाहनांच्या चाचण्यांत पृष्ठभागावर लोकरीचे धागे चिकटवण्याची पद्धत जुनी आहे. आम्ही वीतभर लांबीचे लाल धागे हेडरेस्टच्या दोन्ही बाजूंना, दोन आसनांच्या मध्ये आणि शीटच्या वरच्या कडेला कागदी चिकटपट्टीने लावले. मेहुणे गाडी चालवत होते आणि शेजारी बसून मी धागे पाहत होतो. चालवणाऱ्याने ते पाहायचे नसतात, हे आवर्जून सांगतो. ताशी 40 ला धागे नुसते लोंबत होते. 60 च्या पुढे आसनांमधले धागे उठले आणि गाडीच्या तोंडाच्या दिशेने, म्हणजे पुढे, ताठ झाले. वरच्या कडेचे धागे मेहुण्यांच्या कानाकडे झेपावून फडफडत होते. मग बोहरी आळीतून आणलेल्या हलक्या अॅल्युमिनियमच्या पट्टीची चौकट करून तिच्यावर काळी नायलॉनची जाळी ताणली, ती शीटपेक्षा चार बोटे उंच ठेवली, खालची फट फोमने बुजवली आणि पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. आसनांमधले धागे खाली पडले आणि कानाजवळचे नुसते थरथरत राहिले. मेहुण्यांनी त्या मापाची पक्की चौकट नंतर करून घेतली.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि दहा मिनिटेच उरली आहेत, तेव्हा पत्रिकेवरचा विषय मला आता भरभर सांगावा लागेल.

उंचीपासून सुरुवात करा. गाडीत जो सर्वांत उंच माणूस नेहमी बसतो, त्याच्या कानाच्या वर आणि माथ्याच्या आसपास डिफ्लेक्टरची कड यावी. मात्र ती पुढच्या काचेच्या वरच्या कडेपेक्षा उंच जाऊ नये, नाहीतर डोक्यावरचा मुख्य प्रवाहच तिच्यावर आदळून आवाज आणि भार दोन्ही वाढतात. त्यानंतर फटी पाहा. दोन आसनांमधली, खालची आणि दारांकडची फट जितकी कमी तितका उपयोग अधिक, आणि बाजूच्या काचा वर घेतल्याशिवाय कोणत्याही डिफ्लेक्टरची परीक्षा करू नका. चार आसनी गाडीत मागच्या आसनांवर एक आडवा आणि पुढच्या आसनांमागे एक उभा असा जोड लागतो; तो लावल्यावर मागे कोणालाही बसता येत नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

सामग्रीबाबत माझा कौल जाळीला आहे. जाळी वाऱ्याला पूर्ण अडवत नाही, त्याचा जोर मोडते, त्यामुळे तिच्या कडेला नवा भोवरा कमी उठतो आणि घुमण्याचा आवाजही होत नाही. ती काळी असावी, कारण फिकट जाळी उन्हात चमकते आणि मागचे दिसेनासे होते. ज्यांना शीटच हवी त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की अॅक्रिलिक उन्हाला चांगले टिकते पण धक्क्याने तडकते. पॉलिकार्बोनेट सहसा तडकत नाही, पण त्यावर चांगला लेप नसेल तर ते लवकर ओरखडते आणि उन्हाने पिवळे पडते. आपल्याकडची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की दोन्हींवर रेघा उठतात, म्हणून आधी पाणी सोडावे. धुरकट शीट टाळाच. मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश पार व्हावा असा आपला मोटार वाहन नियम आहे, आणि त्यामागचा हेतू इथेही तेवढाच लागू पडतो.

बांधणीकडे दुर्लक्ष करू नये. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी 60 ला निमूट बसलेली चौकट 100 ला जवळजवळ पावणेतीन पट भार झेलत असते. क्लिप आणि पट्टे हाताने ओढून पाहा. गाडीला भोक पाडून बसवायचा डिफ्लेक्टर घेऊ नका. त्याने गंज धरतो, वॉरंटीचा वाद होतो आणि गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे. काही गाड्यांत मागच्या आसनांजवळचे रोलबार अपघाताच्या क्षणी झटक्याने वर येतात. त्यांच्या वाटेत चौकटीचा कोणताही भाग असता कामा नये. सीटबेल्ट चौकटीच्या कडेला घासतो का, आसन मागे सरकवल्यावर ते चौकटीला टेकते का आणि डिफ्लेक्टर न काढता टप बंद होतो का, हे दुकानातच करून पाहावे. जूनमध्ये ताम्हिणीत अचानक सर आली की शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व कळते.

या सभागृहात कन्व्हर्टिबल थार असलेले बरेच जण दिसतात. त्यांची काच उभट आहे आणि मागचा भाग मोठा व मोकळा आहे, त्यामुळे मागून येणारी हवाही भरपूर असते. पुढच्या आसनांमागे रोलकेजच्या दोन खांबांमध्ये ताणलेली, खाली आसनाच्या पाठीपर्यंत येणारी जाळी त्यांना सर्वांत सोयीची पडेल. ती वेल्क्रोच्या रुंद पट्ट्यांनी बांधावी, म्हणजे मागे माणसे बसवायची असतील तेव्हा गुंडाळून ठेवता येते. दुमडणारी चौकट घेणाऱ्यांनी ती पिशवीसह डिकीत घालून पाहावी, आणि तीही टप खाली असताना, कारण दुमडलेला टप डिकीतली बरीच जागा खातो आणि उरलेल्या जागेत चौकट बसली नाही, तर ती घरीच राहते.