सॉकेट आधी, प्रोसेसर नंतर

(दृश्य: घणसोली. फ्लॅटमधली खोली, टेबलावर दोन मदरबोर्ड.)

डावीकडचा बोर्ड एएमडीच्या एएम५ सॉकेटचा, उजवीकडचा इंटेलच्या एलजीए १७००चा. सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा. ‘प्रोसेसर एएमडीचा घेऊ की इंटेलचा?’ हा प्रश्न ठाणे-नवी मुंबईत गेमिंगसाठी पीसी असेंबल करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. पण त्याआधी मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड ठरलेलं हवं.

शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, गाडी किती घसरली, हा हिशोब प्रोसेसर करतो. चित्र रंगवतं ग्राफिक्स कार्ड. १४४०पी रेझोल्यूशनच्या मॉनिटरवर मधल्या किमतीचं कार्ड असेल, तर बहुतेक गेममध्ये आधी कार्डच दमतं आणि प्रोसेसर त्याची वाट बघत राहतो. अशा वेळी महागड्या प्रोसेसरवर घातलेले पैसे पडद्यावर दिसतच नाहीत. १०८०पी, २४० हर्ट्झचा (सेकंदाला २४० चित्रं दाखवणारा) मॉनिटर आणि व्हॅलोरंटसारखा हलका गेम असेल, तर गणित उलटं, आधी प्रोसेसर दमतो. घरी जुना पीसी आहे? गेममधलं रेझोल्यूशन एक पायरी खाली आणा. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. आकडा जागचा हलला नाही, तर प्रोसेसर.

(दृश्य: दोन्ही सॉकेट जवळून.)

आता सॉकेट. एएम५ सप्टेंबर २०२२मध्ये आलं. रायझनच्या ७०००, ८००० आणि ९००० या तिन्ही मालिका यावरच बसतात. आज रायझन ५ ७६०० घ्या, तीन वर्षांनी बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डवर मोठी चिप लावा. एलजीए १७००वर इंटेल कोअर प्रोसेसरची बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी चालते; पुढच्या कोअर अल्ट्रा २००साठी इंटेलने सॉकेटच बदललं. म्हणजे उजवीकडचा रस्ता इथे संपतो. तरीही तो टाकाऊ नाही. बजेट अगदी घट्ट असेल आणि जुन्या पीसीतली डीडीआर४ प्रकारची रॅम हाताशी असेल, तर आय५-१२४००एफ आणि डीडीआर४चा बोर्ड ही जोडी आजही चोख आहे. एएम५ला त्यापुढची डीडीआर५च लागते. बोर्ड घेताना मात्र डबा नीट वाचा. इंटेलच्या एकाच बी७६० चिपसेटचे (बोर्डवरच्या नियंत्रक चिपचे) बोर्ड डीडीआर४चेही येतात आणि डीडीआर५चेही. रॅमची खाच वेगळी असते, चुकीची बसतच नाही.

नावामागची अक्षरं ओळखा. इंटेलच्या ‘एफ’मध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडलं, तर पडदा काळा. रायझन ८५००जी स्वस्त दिसतो, पण कार्डासाठी त्याच्याकडे पीसीआयईच्या (कार्ड आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या रस्त्याच्या) चारच लेन आहेत. वेगळं कार्ड लावणार असाल तर तो नको, सरळ ७६०० घ्या.

फक्त खेळायचंच असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर एएमडीचे एक्स३डी प्रोसेसर. ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश (चिपवरचीच झटपट मेमरी) आहे, साध्या ७६००मध्ये ३२. गेमला लागणारा डेटा चिपवरच सापडला की रॅमपर्यंतची फेरी वाचते. त्यामुळे सरासरी फ्रेम वाढण्यापेक्षाही मधेच बसणारे झटके कमी होतात, आणि खेळताना तेच जास्त जाणवतं. खेळासोबत व्हिडिओ रेंडरिंगही करणार असाल, तर आय५-१४६००केचे चौदा कोअर कामाला येतात.

इथे हवामान मधे येतं. मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत ३४ अंश असतात, आणि कुठलाही एअर कूलर चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. आय७-१४७००के जोर लावला की २५३ वॉटपर्यंत खेचतो. ७८००एक्स३डी १२० वॉटचा, आणि खेळताना त्याहून बराच कमी. एसी नसलेल्या खोलीत हा फरक तुम्हालाही लागतो, फक्त चिपला नाही.

सेकंडहँड घेताना इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या मोठ्या चिपबाबत सावध राहा. जादा व्होल्टेजमुळे त्या झिजून अस्थिर होत होत्या. २०२४मध्ये इंटेलने मायक्रोकोडचं (चिपच्या आतल्या सूचनांचं) अपडेट दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झालेली झीज अपडेटने भरून येत नाही. बाराव्या पिढीला हा त्रास नाही. आणि ‘ट्रे’ (डब्याशिवाय सुटा) प्रोसेसर स्वस्त मिळाला, तर वॉरंटी कोण देणार ते बिलावर लिहून घ्या.

(दृश्य: चिप बसवणारे हात.)

दोन्ही सॉकेटमध्ये पिना बोर्डवर आहेत, केसाइतक्या बारीक. चिप कडेला धरा, सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि वरून सरळ सोडा. दाबायचं नाही, सरकवायचं तर मुळीच नाही. सॉकेटवरचं काळं प्लास्टिक आधी काढू नका. लिव्हर बंद करताना ते आपोआप उडतं. जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीला द्यायचा झाला तर लागतं. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

(दृश्य: पॉवर बटण. पंखे फिरतात, पडदा काळा.)

एएम५वर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमची पारख करतो. काही मिनिटं पडद्यावर काहीच येत नाही. इथेच लोक घाबरून स्विच बंद करतात, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. थांबा. पडदा उजळला की बायोसमध्ये जाऊन एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, इंटेलच्या बोर्डवर तीच एक्सएमपी. नाहीतर ६०००ची म्हणून घेतलेली रॅम ४८००वरच चालत राहते.