पहिलं घर घेताना: आधी हप्ता, मग हॉल

नमस्कार मंडळी. पहिलं घर घ्यायचं म्हटलं की घरोघरी एकच वाद, फ्लॅट का स्वतंत्र घर, नवं का जुनं, आणि मी म्हणते थांबा हो, आधी कागद-पेन घेऊन बसा. समजा 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी 1000 रुपये कर्ज काढलं, तर महिन्याचा हप्ता बसतो साधारण 9 रुपये, आणि पहिल्या हप्त्यातले साडेसात नुसते व्याजात जातात, मुद्दल फिटतं दीड! दहा वर्षं इमानेइतबारे भरलं की वाटतं अर्धं तरी फिटलं असेल, कुठलं, अजून 710 शिल्लकच. म्हणून "असू दे एक खोली जास्तीची" म्हणताना लक्षात ठेवा, कर्जावर घेतलेली ती खोली दुपटीच्या वर पडते.

बांधकाम चालू असलेलं घर स्वस्त दिसतं खरं, पण ताबा लांबला की राहत्या घराचं भाडं आणि हप्ता दोन्ही चालू, आणि ते ओढण्याची ताकद नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. फ्लॅटला मेंटेनन्स दर महिन्याला, अगदी लिफ्ट बंद असली तरी. स्वतंत्र घराला ते नाही, पण छत गळलं की खर्च एकट्याच्या खिशातून. जागा मोजायची ती कार्पेट एरियाने, म्हणजे भिंतींच्या आतली, जिथे खरंच सतरंजी अंथरता येते ती, जिन्याचा वाटा धरून सांगितलेला आकडा ऐकून घ्यायचा आणि सोडून द्यायचा.

माझं मत विचाराल तर कमी बजेटमध्ये पहिलं घर लहान, जुनं आणि तयार असलेलं घ्यावं. जुन्या घराचे दोष निदान डोळ्यांना दिसतात. आता आम्हालाही दिसले नव्हते म्हणा! बेडरूमची एकच भिंत नवीन रंगवलेली, आम्ही खूश, म्हटलं मालक हौशी दिसतोय. राहायला गेलो, दोन महिन्यांनी कपाट सरकवलं तर मागे हा एवढा ओलीचा नकाशा, कारण पलीकडे बाथरूम आणि आत पाइप झिरपतोय. टाइल्स फोडा, पाइप बदला, पुन्हा टाइल्स, आणि हातात पैसे शून्य कारण सगळी शिल्लक डाऊन पेमेंटमध्ये ओतलेली. तेव्हा थोडी रक्कम बाजूला राहू द्या, त्यासाठी घर अजून लहान घ्यावं लागलं तरी चालेल.

बघायला जाल तेव्हा एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली तर पलीकडे काय आहे ते विचारा, खिशातलं नाणं काढून टाइल्सवर वाजवा, बद्द आवाज आला तर खाली पोकळ आहे. मालक बघत राहील, राहू दे. आणि एक फेरी सकाळी मारा, सगळ्या घरांतले नळ एकदम चालू असतात तेव्हा, स्वयंपाकघरातला नळ सोडा आणि धार किती येते बघा.