दिवाळी अंकाची बैठक कुणाच्या घड्याळाने?

नमस्कार श्रोतेहो. ऑनलाइन दिवाळी अंक काढणारी मंडळी हल्ली एका गावात नसतात. मुद्रितशोधन पुण्यात, मांडणी लंडनमध्ये, कवितांची निवड न्यू जर्सीत आणि चित्रं मेलबर्नहून. सगळे नोकरी सांभाळून, हौसेने राबणारे. त्यांची बैठक जुळवणं एरवीही कटकटीचंच, पण दिवाळीच्या तोंडावर जास्त. कारण काही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे नेतात आणि हिवाळ्यात मागे आणतात, आणि हा बदल नेमका तेव्हाच होतो.

२०२६चंच पाहा. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. त्याआधी ४ ऑक्टोबरला मेलबर्नची घड्याळं तासभर पुढे जातात, २५ ऑक्टोबरला लंडनची तासभर मागे येतात आणि १ नोव्हेंबरला न्यू जर्सीची. आपलं घड्याळ मात्र वर्षभर जागचं हलत नाही. म्हणूनच बैठक भारताच्या वेळेला बांधावी. मग ज्याने त्याने फक्त आपल्या गावचा बदल सांभाळायचा. न्यू जर्सीच्या वेळेला बांधली, तर लंडनकराला दोन शहरांचे बदल लक्षात ठेवावे लागतात, आणि पुण्याची बैठक विनाकारण सरकते.

समजा, दर शनिवारी पुण्याचे संध्याकाळचे ७:३० ठरले. २४ ऑक्टोबरला तेव्हा लंडनमध्ये दुपारचे ३ आणि न्यू जर्सीत सकाळचे १० असतात. ३१ तारखेला लंडनमध्ये २ वाजतात, न्यू जर्सीत मात्र १०च. त्या दोघांत एरवी पाच तासांचं अंतर असतं, त्या आठवड्यात चारच. ‘न्यू जर्सीचे दहा म्हणजे आपले तीन’ असा सवयीचा हिशोब करणारा लंडनकर तासाने उगवतो, तोवर मुखपृष्ठ ठरून गेलेलं असतं! मार्चमध्ये असाच घोळ दोन ते तीन आठवडे चालतो.

मेलबर्नचं काय? ऑक्टोबरमध्ये पुण्याचे ७:३० म्हणजे तिथे रात्रीचा १. चित्रकाराला दर आठवड्याला जागवणं बरं नव्हे. एकाआड एक बैठक रविवारी पुण्याच्या सकाळी ७ला घ्या: मेलबर्नमध्ये दुपारचे १२:३०, न्यू जर्सीत शनिवार रात्रीचे ९:३०. लंडनमध्ये मध्यरात्र उलटलेली असते, त्या खेपेला लंडनकराने झोपावं आणि आपलं म्हणणं आधी लिहून पाठवावं. चौघांनाही सोयीची एकच वेळ शोधत बसू नका, ती नाही. आणि ऑस्ट्रेलिया म्हटलं की सगळीकडे एकच वेळ धरू नका. ब्रिस्बेनमध्ये घड्याळं बदलत नाहीत.

आमंत्रण कॅलेंडरमधूनच पाठवा, म्हणजे ज्याला त्याला आपापल्या गावची वेळ दिसते. तिथल्या टाइम झोनच्या यादीत पुणे-मुंबई सापडलं नाही, तर ‘कोलकाता’ निवडा. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘शनिवारी साडेसातला’ लिहिलं, तर तो मजकूर कुणाच्याच वेळेत बदलून येत नाही; शहर, वार, तारीख आणि सकाळ की संध्याकाळ, सगळं लिहा. आयएसटी (भारताची प्रमाणवेळ), ईएसटी (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची प्रमाणवेळ) ही आद्याक्षरं टाळा. आयएसटी इस्रायलच्या वेळेलाही म्हणतात, आणि न्यू जर्सीकर उन्हाळ्यातही सर्रास ईएसटी लिहितात, जी खरं तर त्यांची हिवाळ्यातली वेळ.

झूमच्या फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांत बंद पडते. तेव्हा शुद्धलेखनाचे वाद सामायिक फाइलीतच मिटवा, बैठकीत फक्त अडलेले निर्णय.

आता मजकुराची मुदत. ‘रविवारी रात्री १२’ असं कधी लिहू नका. काहींना ते शनिवार संपतानाचे वाटतात, काहींना रविवार संपतानाचे. ‘रविवार रात्री ११:५९, पुणे’ लिहिलं तर गोंधळ मिटतो, पण न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे २:२९ झालेले असतात आणि त्यांचा अर्धा रविवार हातचा जातो. त्यापेक्षा सोमवार सकाळी १०, पुणे, अशी मुदत द्या. १ नोव्हेंबरपर्यंत तेव्हा न्यू जर्सीत रविवार संपून जेमतेम अर्धा तास झालेला असतो, आणि पुण्याच्या मुद्रितशोधकालाही रात्री जागावं लागत नाही.