काजळाची पोथी, हिराकसाचे पुराण

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी दोन पाने. कॅमेरा वरून, प्रकाश एका बाजूने तिरपा.)

निवेदन:

डावीकडचे पान आडवे आहे. बोरूने लिहिलेली ठसठशीत बाळबोध अक्षरे, दोन्ही कडांना तांबड्या उभ्या रेघा. उजवीकडचे पान उभे, पिसाच्या लेखणीने रोमी लिपीत लिहिलेले. ज्याला दोन्ही लिप्या वाचता येतात त्याच्या लगेच लक्षात येईल की दोन्हींवर मराठी ओव्या आहेत.

गोव्यातल्या जुन्या धार्मिक हस्तलिखितांचे हे दोन चेहरे. भाषा एक असली तरी शाई वेगळी आहे, आणि जतनाच्या कामात सगळा फरक शाईमुळे पडतो. उजवीकडचे पान रसायनाच्या पाण्यात बुडवून वाचवता येते. डावीकडचे बुडवले, तर अक्षरे कागद सोडून पाण्यात उतरतात. म्हणून ग्रंथालयात एखादे बाड आले की आधी शाई ओळखायची. नाव, विषय, काळ हे सगळे त्यानंतर.

(दृश्य: पोथीचे पान जवळून. अक्षरांची चमक.)

डावीकडची शाई काजळाची. तिळाच्या तेलाचा दिवा लावायचा, वर मातीचे किंवा तांब्याचे भांडे पालथे धरायचे, जमलेले काजळ खरवडायचे आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात तासन् तास खलायचे. काजळ म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. उन्हाने तो उडत नाही, कागदाला खात नाही, चारशे वर्षांनीही काळा तो काळाच राहतो. पण तो कागदावर फक्त डिंकाच्या आधाराने बसलेला असतो. पावसाळ्यात डिंक ओल धरतो, चिकट होतो, आणि दाबून ठेवलेली पाने एकमेकांना धरतात. अशी पाने ओढून सोडवायला गेले की वरच्या पानाची अक्षरे खालच्या पानावर उलटी उमटतात. ती आधी हळूहळू कोरडी होऊ द्यायची, मग बांबूची पातळ पट्टी कडेने, अक्षरे नसलेल्या समासातून सरकवत न्यायची. एका पानाला अर्धा तास लागला तरी लागू द्यावा.

कागद हातकागद. त्याला खळ लावून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरू अडकत नसे आणि शाई फुटत नसे. पाने शिवलेली नसतात. सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापड. पानाचा क्रमांक मागच्या बाजूला, समासात. हे ठाऊक नसलेला माणूस पुढच्या बाजूला क्रमांक शोधतो, त्याला तो दिसत नाही, आणि पाने उलटसुलट लागतात. ज्या पोथ्यांची पाने कधीकाळी विस्कटली, त्यांतल्या पुष्कळ अशाच विस्कटल्या.

(दृश्य: अक्षरांवर पिवळा ठिपका.)

हा पिवळा ठिपका डाग नव्हे. लिहिणाऱ्याने चुकीचे अक्षर हरताळ लावून झाकले आहे. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार या कामातूनच आला. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड, विषारी. पोथीचे पान जिभेला बोट लावून उलटू नये याचे कारण स्वच्छतेपेक्षा हे अधिक आहे. हरताळ दिसला की नायट्राइलचे हातमोजे घालायचे. एरवी स्वच्छ, कोरडे हातच बरे. सुती मोज्यांत बोटाला कागदाची कड कळत नाही आणि कड फाटते.

लेखकू, म्हणजे प्रत करणारे, पोथीच्या शेवटी एक श्लोक लिहीत आले आहेत: ‘तैलाद् रक्षेज्जलाद् रक्षेद् रक्षेच्छिथिलबन्धनात्.’ तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख. तेल आणि पाणी कोणालाही समजते. सैल बांधणीचे कारण मात्र सांगावे लागते. कापड घट्ट असले की पानांमध्ये हवा खेळत नाही, दमट हवेचा शिरकाव कमी होतो, कसरीला आत सरकायला फट मिळत नाही आणि पाने वाकत नाहीत. बांधणी सैल झाली की कडा बाहेर येतात, आणि पोथी झिजायला लागते ती कडेपासूनच.

(दृश्य: रायतूर, सेमिनरीची इमारत, खाली जुवारीचे पात्र.)

आता उजवीकडचे पान. गोव्याच्या साष्टी तालुक्यातले रायतूर. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे इंग्लिश पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे, १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. स्टीफन्स यांना ते देवनागरीत छापायचे होते. १६०८ मधल्या पत्रात त्यांनी वरिष्ठांना लिहिले की या लिपीचे सहाशेंवर आकार होतात, पण ते दोनशेंवर आणता येतील. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, पाडले गेले नाहीत आणि पुराण रोमी लिपीत छापून निघाले.

या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये स्थानिक भाषा सोडून द्यावी असा पोर्तुगीज सत्तेचा हुकूम निघाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्यातले छापखाने थंडावले ते १८२१ पर्यंत. या मधल्या काळात पुराण टिकले ते हाताने केलेल्या प्रतींवर. एरवी हस्तलिखितावरून छापील ग्रंथ होतो, इथे छापील ग्रंथ पुन्हा हस्तलिखित झाला. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती अशाच हस्तलिखितांवरून सिद्ध झाली. पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात, म्हणजे सेंट्रल लायब्ररीत, हस्तलिखित प्रत आहे. लंडनच्या सोआस ग्रंथालयातल्या मार्सडेन संग्रहात देवनागरी प्रत आहे.

याचीच उलटी वाट कृष्णदास शामांच्या ग्रंथाची. गोव्यातल्या केळशीच्या या कवीने शके १४४८ मध्ये, म्हणजे १५२६ साली, भागवताच्या दशम स्कंधावर मराठीत ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ रचायला घेतली. ती आज आपल्याला मिळते ती पोर्तुगालमधल्या ब्रागा येथील ग्रंथालयात, रोमी लिपीतल्या हस्तलिखितात. तिथल्या ७७१, ७७२ आणि ७७३ क्रमांकांच्या बाडांत रामायण-महाभारताच्या कोंकणी गद्यकथा आणि मराठी काव्य आहे. जेझुइटांनी इथली भाषा आणि पुराणे शिकण्यासाठी करून घेतलेल्या या प्रती. गोव्यातल्या मूळ पोथ्या गेल्या, आणि त्या जाण्यात ज्यांचा हात होता त्यांच्याच अभ्यासाच्या वह्यांत मजकूर राहिला. पणजीतल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला आज कृष्णदास शामांचे नाव आहे. हे ग्रंथालय १८३२ चे, ‘पुब्लिका लिव्रारिया’ या नावाने सुरू झालेले. १८३५ मध्ये धार्मिक संघ बंद झाल्यावर मठांतली पुस्तके त्याच्याकडे आली.

(दृश्य: रोमी पान दिव्यासमोर धरलेले. अक्षरांच्या जागी उजेडाची भोके.)

ही भोके कसरीची नाहीत. ही शाईने पाडली आहेत. मायफळातले टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, एकत्र आले की शाई तयार होते. लिहिताना ती फिकट असते, हवा लागली की काळी होते. ती कागदाच्या धाग्यात मुरते, म्हणून पाण्याने सहजी सुटत नाही. सरकारी दस्तांना ती म्हणूनच आवडे. पण हिराकस प्रमाणाबाहेर पडले, की जादा लोह आणि आम्ल कागदातच राहते. आधी अक्षराभोवती तपकिरी वलय येते. मग मजकूर पानाच्या मागे उमटतो. मग अक्षराच्या रेषेत चीर जाते आणि शेवटी अक्षर जसेच्या तसे गळून पडते. हे सगळे ओलीने वेग घेते. युरोपातल्या थंड कोरड्या खोलीत ज्याला शतके लागतात, ते इथे लवकर होते.

गळालेले अक्षर एरवीही दुःखाचेच, पण या लिप्यंतरात त्याची किंमत जास्त पडते. स्टीफन्स यांच्या पद्धतीत दोनदा लिहिलेला एल म्हणजे ळ, दोनदा लिहिलेला एन म्हणजे ण. शाईने दोनांतला एक एल खाल्ला की ‘काळ’चे ‘काल’ होते, आणि वाक्य तरीही वाचता येते, म्हणून चूक कोणाच्या लक्षात येत नाही. यू हे एकच अक्षर उ आणि व दोन्हींसाठी. एक्स म्हणजे श. असे पान वाचताना भोकाच्या दोन्ही कडा भिंगाखाली पाहायच्या. अक्षराच्या पायाचा तपकिरी डाग उरलेला असतो.

(दृश्य: चाचणीपट्टी, चिमटा, टिश्यू.)

शाईत मोकळे लोह किती धोक्याचे आहे हे पाहायला बॅथोफेनान्थ्रोलीनची पट्टी वापरतात. पट्टी शुद्ध पाण्याने किंचित ओलसर करायची, टिपकागदावर टिपायची, शाईच्या रेषेवर अर्धा मिनिट दाबायची. गुलाबी रंग आला तर लोह मोकळे आहे. अशा पानावर खूप पाणी असलेली खळ लावली, की लोह आणि आम्ल ओलीबरोबर कोऱ्या कागदात पसरते आणि चांगली जागाही आजारी पडते. म्हणून कोझो या झाडाच्या सालीचा अगदी पातळ जपानी टिश्यू, चौरस मीटरला दोन ते पाच ग्रॅमचा, आधीच जिलेटिन लावून वाळवलेला घ्यायचा, जेमतेम ओलसर करून भेगेवर ठेवायचा आणि वजनाखाली वाळवायचा. कॅल्शियम फायटेटच्या द्रावणात बुडवण्याचा उपाय आहे आणि तो गुणकारी आहे, पण तो प्रशिक्षित माणसाने, प्रयोगशाळेतच.

पोथीसाठी गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि हातकागद चालतो, फक्त अक्षरांपासून दूर. बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते इथे नको. त्यातले तांबे कागद जाळते. सेलोटेप तर मुळीच नको. त्याचा डिंक कागदात मुरून पिवळा होतो, पट्टी गळते आणि डाग राहतो.

(दृश्य: पाऊस. चिऱ्याची भिंत, शेवाळ, आत लोखंडी कपाट.)

मृग लागला की गोव्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते. ६५ च्या वर काही दिवस राहिली की बुरशी धरते. कागदाला ५० ते ५५ टक्के हवी, आणि आकड्यापेक्षा ती स्थिर असणे महत्त्वाचे. दिवसा एसी, रात्री बंद, ही सर्वांत वाईट पद्धत. कागद रोज फुगतो, रोज आक्रसतो, आणि शाईने पोखरलेल्या रेषा त्या हालचालीतच तुटतात. वीज वाचवायची असेल तर एसी पूर्ण बंद ठेवून फक्त हवेतली ओल शोषणारे यंत्र अखंड चालवावे. हे अनेकांना पटत नाही, पण आर्द्रतामापक प्रत्येक कपाटात ठेवून महिनाभर नोंदी केल्या की पटते.

कपाट भिंतीपासून किमान पंधरा सेंटिमीटर सुटे हवे. चिरा ओल शोषतो आणि त्याच्या सांध्यांतून वाळवी चढते. कपाटामागे मातीची नळी दिसते का, हे दर आठवड्याला विजेरी घेऊन पाहायचे. कसर कागदाचा पृष्ठभाग खरवडते. भुंगेऱ्याची अळी आरपार बोगदे करते आणि खाली पिठासारखी भुकटी पडते. ताजी भुकटी दिसली तर ते बाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे वीस अंशांवर एक आठवडा ठेवायचे आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायला हरकत नाही, पण कडुलिंबाचा पाला पानांच्या मध्ये ठेवू नये. त्याचा डाग जात नाही. जुन्या संग्रहांत डीडीटी किंवा गॅमेक्सिनची पूड मारलेली असते. पांढरी पूड दिसली की मास्क आधी.

बुरशी आलेले पान उन्हात टाकू नये. सावलीत, वारा खेळता ठेवून वाळवायचे, बुरशी कोरडी भुरभुरीत झाल्यावर मऊ कुंचल्याने, एन-९५ मास्क लावून काढायची. ओली असताना पुसली तर ती कागदात चोळली जाते.

(दृश्य: कॅमेरा स्टँड, रंगपट्टी, मोजपट्टी.)

छायाचित्रे वरून, इंचाला किमान ३०० बिंदू (पीपीआय) ठेवून, रंगपट्टी आणि मोजपट्टीसह. कोरी पानेही घ्यायची, नाहीतर पुढचा अभ्यासक पान हरवले असे समजतो. नोंदीत ओळी आणि अक्षरे मोजायची: पाने २४, म्हणजे पृष्ठे ४८, ओळी १०, ओळीत अक्षरे ३६, एकूण १७,२८०, भागिले ३२, म्हणजे ५४० ग्रंथ. इथे ग्रंथ म्हणजे ३२ अक्षरांचे एक माप. पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या नोंदीत, लेखकूने दिलेली ग्रंथसंख्या याहून बरीच मोठी असेल तर पाने गहाळ आहेत.

काळ ताडून पाहायचा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पौषानंतर बहुधा ७९. संवत्सराचे नाव दिले असेल तर शकात १२ मिळवून ६० ने भागायचे. १४४८ अधिक १२, म्हणजे १४६०, बाकी २०. विसावे संवत्सर व्यय. पुष्पिकेत दुसरे नाव असेल तर प्रत करताना आकडा चुकला आहे, किंवा आकडा मूळ ग्रंथाचा असून नाव प्रतीच्या वर्षाचे आहे. एकाच शेवटात रचनेचा आणि प्रतीचा असे दोन काळ मिसळलेले असतात, आणि सूचीतल्या सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

(दृश्य: थंड खोलीतून बाहेर येणारी पेटी. वाचनकक्ष, खिडकीबाहेर पाऊस.)

खोलीत २२ अंश, बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या ओलीचे पाणी होते तो, सत्तावीसच्या आसपास असतो. थंड पान बाहेर उघडले की त्यावर थंडगार तांब्यावर येते तसे पाणी येते, आणि काजळाच्या शाईला तेवढे पुरते. म्हणून पेटी पिशवीत बंद करूनच बाहेर काढायची, वाचनकक्षात ठेवायची आणि वाचकाला उद्या सकाळी यायला सांगायचे.