बाऊ म्हणजे काय?

नमस्कार, श्रोतेहो. आमची लेक आता सव्वादोन वर्षांची आहे. जन्म पुण्यातला. चौदा महिन्यांची असताना आम्ही तिला घेऊन जर्मनीत, म्युनिकला आलो. दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात वेगळी सीट नसते. ते आपल्या मांडीवर बसतं. म्हणजे बसतं, असा विमान कंपन्यांचा समज आहे. आमची मांडीवर कमी आणि मधल्या वाटेवर जास्त होती.

पहिला आठवडा तिचं घड्याळ पुण्याचंच होतं. उन्हाळ्यात दोन्हीकडे साडेतीन तासांचा फरक. पुण्यात सकाळचे साडेसहा झाले, की इथे पहाटेचे तीन. नेमकं तेव्हा बाईसाहेबांना ‘भुर्र’ जायचं असायचं. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, त्यामुळे तिचे बाबा तिला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात अनवाणी फेऱ्या मारायचे.

सप्टेंबरमध्ये तिला पाळणाघरात घातलं. त्याला इथे ‘किटा’ म्हणतात. गोवराची लस टोचल्याचा पुरावा असल्याशिवाय 2020 पासून तिथे प्रवेश नाही, म्हणून पुण्याच्या दवाखान्यातलं कार्ड मी पासपोर्टइतकं जपून आणलं होतं.

आपल्याकडे कसं, रडणारं मूल बाईंच्या हातात द्यायचं आणि मागे न बघता सटकायचं. इथे सटकायला बंदी. मूल रुळवण्याची एक ठरलेली पद्धत आहे, तिला ‘बर्लिन मॉडेल’ म्हणतात. पहिले तीन दिवस आईनं किंवा बाबानं तासभर कोपऱ्यात नुसतं बसून राहायचं. चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जायचं, तेही मुलाला सांगून, त्याच्या डोळ्यांदेखत. मला आधी हे जरा जास्तच वाटलं. पण कोपऱ्यात बसून बसून खरं तर मीच रुळले.

चौथ्या दिवशी मी बाहेर पॅसेजमध्ये उभी. समोर खुंट्या, प्रत्येक खुंटीला चिखलात खेळायची रबरी विजार. पाऊस असो, थंडी असो, मुलांना रोज अंगणात नेतातच. दहा मिनिटांनी आतून रडण्याचा आवाज आला आणि मला बोलावलं. लेकीचा गुडघा लाल, आणि तिच्यापुढे क्रेनच्या चित्रांचं पुस्तक उघडं ठेवलेलं. ताई गोंधळून म्हणाल्या, ‘‘ही सारखं बाऊ बाऊ म्हणतेय, म्हणून हे पुस्तक दिलं, तर आणखीच रडायला लागली.’’

जर्मनमध्ये ‘बाऊ’ म्हणजे बांधकाम! लागलं-खुपलं की तिथली मुलं ‘आउआ’ म्हणतात.

मग ताईंनी माझ्याकडून यादीच लिहून घेतली. मंमं, भुर्र, गाई, शी, शू, बाऊ. समोर जर्मन अर्थ. ती त्यांनी लंगोट बदलायच्या टेबलावर भिंतीला चिकटवली. पुढे कधीही गेले, की त्या हसून म्हणायच्या, ‘‘आज दोन तास गाई!’’ त्यांचा ‘गाई’ थोडा ‘काई’सारखा ऐकू यायचा, पण लेकीला बरोबर कळायचा.

दोन वर्षांच्या सुमाराला इथे मुलांची ठरलेली तपासणी असते. त्यात डॉक्टरांनी विचारलं, किती शब्द बोलते? कुठल्या भाषेतले, असं मी विचारलं, तर म्हणाले, दोन्ही मिळून मोजा. मी मंमंसुद्धा धरलं.

आता रस्त्यात कुठे क्रेन दिसली, की ती बाबागाडीतूनच ओरडते, ‘‘बाऊ!’’ आणि पडली, की ‘‘आउआ’’.

परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं आजीला खरचटलेला गुडघा दाखवला. ‘‘आजी, आउआ.’’

‘‘काऊ?’’ आजी म्हणाली, ‘‘अगंबाई, इकडेही आलाय बघ,’’ आणि तिनं फोन खिडकीकडे वळवला. सज्जाच्या कठड्यावर खरंच कावळा बसला होता. लेक गुडघा विसरून त्याला ‘ये ये’ करत बसली.