चाळीस दिवसांची मुदत

बंधुभगिनींनो, बायबलमधल्या योना संदेष्ट्याला देवाने निनवे नगरात पाठवलं. त्याचं तिथलं प्रवचन मूळ हिब्रूत अवघ्या पाच शब्दांचं आहे. आणखी चाळीस दिवस, मग निनवे उलथून पडेल. बस्स. त्यात क्षमेचं वचन नाही, देवाचं नावसुद्धा नाही. लहानपणी संडे स्कूलमध्ये हे ऐकताना मला भीतीच वाटायची. पुढे प्रश्न पडायला लागला, की नाशच करायचा होता तर देवाने चाळीस दिवस आधी कळवलं कशाला? ज्याला बुडवायचंच आहे त्याला कोणी मुदत देत नाही. योनाने हे आधीच ओळखलं होतं, म्हणून तर तो आधी निनवेला न जाता तार्शीशकडे पळाला. तू दयाळू आहेस हे मला ठाऊक होतं, असं योनाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तो देवालाच ऐकवतो.

निनवे म्हणजे अश्शूरचं मोठं नगर, आजच्या इराकमध्ये मोसुलजवळ. अश्शुरी सैन्याच्या क्रौर्याने आजूबाजूची राष्ट्रं थरथरत. तिथला राजा सिंहासनावरून उठतो, झगा उतरवतो, गोणपाट नेसून राखेत बसतो. गुराढोरांनाही उपास, त्यांच्याही अंगावर गोणपाट. पण त्याच्या फर्मानातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा. आणि देवाने काय पाहिलं? ते कुमार्गापासून फिरले, हे पाहिलं. गोणपाटाचा तिथे उल्लेखही नाही.

आपला ‘पश्चात्ताप’ शब्द बघा. मागाहून होणारा ताप, जळजळ. हिब्रू शब्द मात्र वळण्याचा आहे, माघारी फिरण्याचा.

माझे वडील दर उपवासकाळात चर्चमध्ये गुडघे टेकून रडायचे. आणि दर नांगरटीला धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, बांध वीतभर कोरायचे. ते रडणं ढोंग नव्हतं, हे मी आजही सांगतो. मग एका वर्षी, उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, पहार घेऊन ते चुलत्यांच्या दारात गेले. जुनी खूण आजोबांच्या लिंबापाशी होती. तिथवर मोजलं तर चार पावलं भरली. हद्दीचा दगड मी धरला, वडिलांनी खड्डा खणला. चुलते काही बोलले नाहीत. माती लोटायला मात्र खाली बसले.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, न्यायाच्या दिवशी निनवेचे लोक उठून या पिढीला दोषी ठरवतील. त्या न्यायासनापुढे आपल्याविरुद्ध साक्षीला कोण उभं राहणार, तर पाच शब्द ऐकून वळलेली माणसं. आपल्या घरात तर अख्खं पवित्र शास्त्र आहे! पुढे निनवे पुन्हा जुन्या वाटेला लागलं आणि इ.स.पू. 612 मध्ये बाबेली आणि मेदी सैन्याने ते जमीनदोस्त केलं. आजोबांनी केलेला पश्चात्ताप नातवाच्या खाती जमा होत नाही.

योना मात्र, त्या वेळी नगर वाचलं म्हणून, नगराबाहेर रुसून बसला होता. सावलीचा वेल किड्याने खाल्ला म्हणून मरण मागत होता. देव त्याला विचारतो, तुला या वेलाची कीव येते. मग उजवा-डावा हात न कळणारे 1,20,000 हून जास्त जीव ज्या नगरात आहेत, त्याची मी कीव करू नये काय? आणि वाक्य संपता संपता देव ती गुरंढोरंही मोजतो.