नुसतं ऐका, असं म्हणू नका

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित रूप)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘साठीनंतर ऑनलाइन काय शिकावं आणि कसं शिकावं’. ‘काय’चं माझं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे, मोडी, जुन्या मराठी कागदांची लिपी. समोरचे निम्मे चेहरे माझ्या वर्गातले आहेत, तेव्हा ओळख थोडक्यात उरकतो. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची, मग त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जायची. हात होईल तितका कमी उचलायचा. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी शाळांतून गेली. म्हणजे आज जे सत्तरीत आहेत त्यांच्या वडिलांना किंवा आजोबांना ती येत होती, आणि त्यांना स्वतःला घरच्या ट्रंकेतलं खरेदीखत वाचता येत नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये आमचा वर्ग झूमवर गेला. त्याआधी जिना चढू शकेल आणि बस पकडू शकेल तोच विद्यार्थी यायचा. आता इंदूर, बडोदा, बेळगाव, शिवाय न्यू जर्सीला नातवंडं सांभाळायला गेलेले आजी-आजोबाही बसतात. तिथे पहाट असते, तरी हजेरी त्यांचीच आधी लागते.

आता माझी तक्रार. माझ्याकडे येण्याआधी एक काकू दुसऱ्या एका ऑनलाइन वर्गाला जात होत्या. तिथे पहिल्याच दिवशी त्यांना फार गोड आवाजात सांगितलं गेलं, “तुम्ही परीक्षेचं टेन्शन घेऊ नका, तुम्ही नुसतं ऐका.” सगळ्यांचा गृहपाठ तपासला जायचा, यांचा नाही. रेकॉर्डिंग दोन दिवसांत काढून टाकायचे, आणि तक्रार केली की, “तुम्हाला कुठे घाई आहे, पुढच्या बॅचला परत बसा.” यात कुणी त्यांचा अपमान केला नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याचा गृहपाठ तपासत नाहीत, त्याच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवलेली नसते. वेळ जावा म्हणून शिकवणं आणि काम यावं म्हणून शिकवणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ज्येष्ठांच्या वाट्याला बहुतेक वेळा पहिलं येतं.

याच काकू आमच्या वर्गात पहिले काही आठवडे माइक बंद ठेवून बसायच्या. एकदा मी पेशवेकालीन कागद स्क्रीनवर लावला. एका वाड्यातल्या कोठीची यादी, धान्य कुणाला किती दिलं त्याची. वर्गात दोन इंजिनिअर होते, इतिहासात एम.ए. करणारा एक मुलगा होता. एका शब्दावर गाडी अडली. तरुण मंडळींनी फोटो मोठा करून, उजेड वाढवून, शेवटी ‘अधेली’ असं वाचलं. अधेली म्हणजे आठ आण्यांचं नाणं, म्हणजे ही गव्हाची किंमत, असं ठरत आलं होतं. मोडीत काना अक्षराच्या अंगात मिसळून जातो, त्यामुळे ही चूक कुणाचीही होईल. इतक्यात माइक सुरू झाल्याचा आवाज आला आणि काकू म्हणाल्या, “सर, वरच्या ओळीत पायली आहे, खालच्या ओळीत शेर आहे. मधेच पैसे कशाला येतील? ती अधोली असणार.”

अधोली म्हणजे धान्याचं माप, अर्धी पायली, दोन शेर! मी कागद पुन्हा पाहिला, काना होता. सगळे गप्प. काकू उठून आत गेल्या, आम्हाला रिकामी खुर्ची दिसत होती. परत आल्या त्या लाकडी अधोली घेऊन, आणि ती त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरली. “आमच्याकडे अजून तांदूळ यानेच मोजतात.” एम.ए.चा मुलगा म्हणाला, “काकू, स्क्रीनशॉट काढू का?” (हशा)

तेव्हापासून मी हे सगळीकडे सांगत सुटलो आहे. अक्षर ओळखणं हे मोडी वाचनातलं अर्धं काम आहे, उरलेलं अर्धं म्हणजे तिथे कोणता शब्द येऊ शकतो हे माहीत असणं. चाहूर, बिघा, खंडी, गहाणखत, बलुतं हे शब्द ज्यांच्या कानावरून गेलेत ते या अर्ध्यात आधीच पुढे असतात. पाठांतराचंही तेच. कागदावर शुहूर सनाचं साल अरबी आकड्यांच्या नावांत लिहिलेलं असतं, ‘सीत सबैन मया अलफ’. सीत सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११७६. त्यात ५९९ मिळवा, मृगाला सुरू होणारं इसवी सनाचं १७७५-७६ हे वर्ष निघतं. ज्यांनी लहानपणी पावकी-निमकीचे पाढे घोकले त्यांची ही आकड्यांची यादी आठवड्यात पाठ होते. ‘या वयात डोक्यात राहत नाही’ हे वाक्य आमच्या वर्गात कुणी म्हणत नाही.

आणि कामाला तोटा आहे का? ‘रियासतकार’ म्हणून ओळखले जाणारे इतिहासकार गो. स. सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला येऊन राहिले, आणि पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादित केले ते साठी उलटल्यावर, १९३० च्या पुढच्या चारेक वर्षांत. तरी पुण्याच्या पुराभिलेखागारात कोट्यवधी कागद आहेत, तंजावरला सरस्वती महालात मोडी कागद आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यात शोधाशोध झाली. माझं म्हणणं एवढंच आहे की शिकणाऱ्या ज्येष्ठांना खरे कागद द्या, त्यांचं वाचन तपासा, चुकलं तर चुकलं म्हणा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. ‘कसं’ राहिलंच, भरभर सांगतो.

मोबाइलवर शिकू नका. लॅपटॉप घ्या, नाहीतर घरच्या टीव्हीला फोन जोडून घ्या, अक्षराचा आकार दिसला पाहिजे. रेकॉर्डिंग पाऊण वेगाने चालवा, तशी सोय यूट्यूबवर असते. ऐकताना वही उघडी हवी, आणि रोज एक ओळ लिहून तिचा फोटो ग्रुपवर टाका. सुप्रभात नंतर. (हशा) एक जोडीदार ठरवा, फोनवर एकमेकांना वाचून दाखवा. मुलाकडून सेटिंग करून घेतलंत तरी दुसऱ्यांदा ते स्वतः करा.

मोडीच शिका असा आग्रह नाही. ‘स्वयम’ पोर्टलवर सरकारी अभ्यासक्रम फुकट आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी पडते, ती द्या आणि परीक्षेला बसा. कुठलाही वर्ग फोन करून ओटीपी मागत नाही. मागितला तर फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मागच्या टेबलावर एका पेशवेकालीन पत्राच्या प्रती ठेवल्या आहेत. वर्गातल्या जुन्यांनी पहिल्या चार ओळी वाचून आणायच्या. नव्यांनी फक्त रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं गिरवायची. रविवारी दुपारी चारला तपासतो, सगळ्यांचं.